चॅटमधे बोलणारी मुलगी : शाळा चालवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

मुख्याध्यापक, संस्थाचालक, शिक्षण खात्यातले अधिकारी आणि ज्यांच्या सहीशिवाय शाळेत खिळाही ठोकला जात नाही अशा सगळ्यांना,

नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. म्हणजे नॉर्मल शाळेत (हा शब्द मला आवडत नाही पण तुम्ही सगळे तोच वापरता) ज्या मुलांना ऐकायला, बघायला, वाचायला, बोलायला किंवा एका जागी बसायला त्रास होतो त्यांच्यासोबत काम करते. नाव-गाव सांगत नाही कारण हे पत्र एका शाळेबद्दल नाहीये, आणि ज्या मुलांबद्दल लिहितेय त्यांना कोणी ओळखावं असंही मला वाटत नाही.

कोरोनातली ऑनलाइन शाळा संपून मुलं वर्गात परत यायची होती तेव्हा एक मीटिंग झाली, ती अजून डोक्यातून जात नाही. पहिला विषय पोर्शन किती राहिलाय. दुसरा विषय चाचणी कधी घ्यायची. मग केस, नखं आणि आखूड झालेले युनिफॉर्म यावर चांगली वीस मिनिटं. माझी मुलं आली सगळ्यात शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' मधे, तेव्हा अर्धे लोक बॅगा आवरत होते. एक जण म्हणाले, मॅडम आता सगळं नॉर्मल होतंय ना, मग तुमची मुलंही होतील अ‍ॅडजस्ट. मी गप्प बसले. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहितेय. उशीर झालाय हे मान्य, पण शाळा काय एकदाच बंद झाल्या का? पूर आला, धूर पसरला, उन्हाची लाट आली की 'उद्यापासून ऑनलाइन' असा मेसेज येतोच, आणि मग परत येणंही आलंच, आणि परत येताना मीटिंगही तीच.

आधी एका मुलीबद्दल सांगते. सातवीतली. अडखळत बोलते. एखाद्या अक्षरावर अडकली की सगळा वर्ग वाट बघतो आणि मग कोणीतरी तिचं वाक्य पूर्ण करून टाकतं, चांगल्या मनाने करतं पण करतं. त्यामुळे तिने वर्गात हात वर केलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. ऑनलाइन सुरू झालं आणि तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात चॅटमधे तिची उत्तरं यायला लागली, सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. नंतर नंतर तर उलट प्रश्नच, की सर वरच्या ओळीत तुम्ही चिन्ह बदललंत ते का. सरांना वाटलं घरातलं कोणीतरी मोठं माणूस टाइप करतंय. तसं काही नव्हतं. इतकी वर्षं ही मुलगी आपल्याच वर्गात बसत होती आणि हिला एवढं येतं हे कोणाला माहीतच नव्हतं.

मग शाळा उघडली. चॅट गेलं आणि ती परत गप्प झाली. पंधरा दिवसांत सगळे विसरले. मी म्हटलं, तिला उत्तर लिहून दाखवू द्या, हातात छोटा पांढरा बोर्ड द्या, तर मला सांगण्यात आलं की मॅडम, आयुष्यात काय चॅट बॉक्स मिळणारे का, बोलायला शिकलंच पाहिजे. हे ज्यांनी सांगितलं त्यांनी ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवलं होतं.

माझं म्हणणं सोपं आहे. मुलांना परत आणताना जुना वर्ग जसाच्या तसा परत आणू नका. तो जुना वर्ग काही मुलांना आधीपासूनच पुरत नव्हता, आणि घरी बसलेल्या त्या काळात, चुकून का होईना, त्यांच्यातल्या काहींना काय पुरतं ते आपल्याला दिसलं. ते दिसलेलं पुसून टाकायची आपल्याला भलतीच घाई झाली.

अर्थात उलटी बाजूही आहे आणि ती खूप मोठी आहे, त्यामुळे ऑनलाइनचं गुणगान गायला मी बसलेली नाही. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे २०२० च्या एप्रिलच्या आसपास जगात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थ्यांच्या शाळा-कॉलेजांना कुलूप होतं. युनिसेफने त्याच वर्षी अंदाज काढला की यातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत नेट, टीव्ही, रेडिओ, कशानेच शिक्षण पोचू शकलं नाही. जगातल्या ३ ते १७ वयाच्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेटच नव्हतं. आता ज्या घरी होतं तिथलं सांगते, कारण आकड्यात ते येत नाही. घरात फोन एक, मुलं तीन, आणि तो फोन सकाळी वडिलांसोबत कामावर जातो. ज्याला ऐकू येत नाही आणि जो ओठ वाचून समजून घेतो त्याच्यासमोर तासभर अडकलेला धूसर चेहरा. दृष्टिहीन मुलीला आम्ही शिक्षकांनी वर्कशीट पाठवल्या त्या वहीच्या पानाचे फोटो काढून, आणि तिच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, अक्षरं वाचतो, फोटो नाही वाचत, हे आम्हाला कळायला दीड महिना गेला (यात मीही आहे, लाज वाटते सांगायला). ज्या मुलांची फिजिओ आणि स्पीच थेरपी शाळेतच व्हायची त्यांची तर सगळीच बंद. एक मुलगा कसाबसा चार पावलं टाकायला लागला होता, शाळा उघडली तेव्हा परत व्हीलचेअरमधे, आणि व्हीलचेअर लहान झालेली.

म्हणजे एकाच बेंचवर काय काय येऊन बसलं बघा. एक, जिला पहिल्यांदा आवाज मिळाला. दुसरा, ज्याचं सगळंच तुटलं. आणि त्यांच्या मधे तीस-चाळीस बाकीची, ज्यांचं काय झालं हे कोणी विचारलंच नाही कारण ती दिसायला ठीक होती.

आणि आपण या सगळ्यांना एकच पेपर दिला.

चाचणीचा मला इतका राग का येतो ते सांगते. मोजू नका असं मी म्हणत नाहीये, मोजलंच पाहिजे. पण मुलगा दीड वर्षाने शाळेत पाय ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात मार्क येतात आणि त्या मार्कांवरून तो 'ब' तुकडीत जातो, याला मोजणं म्हणत नाहीत, याला गाळणं म्हणतात. शिवाय आपण मोजतो कसं तर वर्गासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावून. अडखळणारी मुलगी यात नापास. ऐकू न येणारा मुलगा नापास. घरी वेगळी भाषा बोलणारा नापास, त्याला अर्थ कळत असला तरी. वाचन तपासायचं असेल तर बाजूला बसवून तपासा, वाचून काय कळलं ते खुणेने, चित्राने, लिहून, कसंही सांगू दे, दृष्टिहीन मुलाला तोच उतारा ब्रेलमधे द्या. दहा मिनिटं लागतात एका मुलाला. चाळीस मुलांना चारशे मिनिटं, म्हणजे आठवडाभर रोज एक-सव्वा तास. त्या एका आठवड्यात पोर्शन पुढे गेला नाही तर आकाश कोसळत नाही.

उलट पोर्शन पुढे रेटला तर काय होतं याचं एक उदाहरण २००५ सालच्या पाकिस्तानातल्या भूकंपाचं आहे. तिथल्या शाळा साधारण तीन महिने बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलं तपासली, तर भूकंपाच्या पट्ट्याजवळची मुलं लांबच्या मुलांपेक्षा जवळपास दीड वर्ष मागे. बंद होती तीन महिने आणि मागे पडली दीड वर्ष, म्हणजे बाकीचं नुकसान शाळा उघडल्यावर झालं! संशोधकांना वाटतं त्यामागचं एक कारण हे असावं की मुलं परत आली तेव्हा मास्तरांनी इयत्तेप्रमाणे पुढचा धडा सुरू केला, ज्यांना मागचाच येत नव्हता ती पुढच्यालाही अडकली, मग त्याच्या पुढच्यालाही. आणि त्यातही ज्या मुलांच्या आईने प्राथमिक शाळा पूर्ण केली होती त्यांच्या मार्कांवर ही घसरण दिसलीच नाही. घरात कोणीतरी सावरून घेणारं होतं. ज्यांच्या घरी तसं कोणी नव्हतं त्यांना सावरणं हे शाळेचं काम होतं.

हे गरीब भागातच होतं असं वाटत असेल तर नेदरलँड्स बघा. घरोघरी नेट, शाळा पहिल्या लाटेत फक्त आठ आठवडे बंद, आणि तरी २०२१ मधे आलेल्या अभ्यासात दिसलं की मुलं घरून जवळपास काहीच शिकली नाहीत, आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले त्यांचं नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त. घराघरातलं हे अंतर वर्ग आठवड्याला थोडं थोडं बुजवत असतो, वर्ग बंद झाला की ते उघडं पडतं. म्हणून शाळेत परत येणं महत्त्वाचं आहे, माझं त्याला काडीचाही विरोध नाही.

उपाय नवीन शोधायचीही गरज नाही. मुलाला जिथे येतं तिथून सुरू करायचं. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने हे कितीतरी वर्षं करून दाखवलंय आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या टीमने ते वेगवेगळ्या ठिकाणी तपासूनही पाहिलंय. दिवसातला एक तास इयत्ता विसरायची, अक्षर येणारी एका गटात, शब्द येणारी दुसऱ्या, उतारा वाचणारी तिसऱ्या, आणि थोड्या थोड्या दिवसांनी परत बघून गट बदलायचे. गट बदलणं हा त्यातला जीव आहे बरं का. मी अशा शाळा पाहिल्यात जिथे गट जूनमधे झाले आणि एप्रिलपर्यंत तेच राहिले, त्यांना नावंही पडली, 'ढ गँग' वगैरे. मग ती तुकडीच झाली की.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ते.

मी जेव्हा म्हणते की ऑनलाइनमधलं काही चांगलं ठेवा तेव्हा काही लोकांचे डोळे चमकतात. अरे वा, मग त्या मुलाला घरीच राहू द्या ना, त्याला तिथे बरं वाटतं, वर्गात फार आवाज करतो, बाकीच्या पालकांच्या तक्रारीही थांबतील. हे मला तोंडावर सांगितलं गेलंय, एकदा नाही तीनदा. तर ऐका, याचा अर्थ ते नाही. घरून शिकायची सोय हा मुलाचा आणि पालकांचा पर्याय असू शकतो, ताप आला, ऑपरेशन झालं, भीती इतकी वाढली की गेटमधून पाऊलच आत पडत नाही, अशा वेळी तात्पुरता पूल म्हणून. शाळेने तो मुलाला बाहेर ठेवायला वापरायचा नाही. १९९४ मधे स्पेनच्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांनी मिळून सांगितलं की सर्वसाधारण शाळेने सगळ्या मुलांना सामावून घ्यावं. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात कलम २४ तेच सांगतं. आणि २०१६ मधे त्या कलमाचा अर्थ लावताना संयुक्त राष्ट्रांच्याच समितीने फोड करून दिलीय: मुलाला बाहेर ठेवणं एक, वेगळ्या ठिकाणी ठेवणं दुसरं, आहे त्याच वर्गात आणून 'आता तू जुळवून घे' म्हणणं तिसरं, आणि मुलासाठी वर्गाने स्वतः बदलणं हे चौथं. समावेशन म्हणजे हे चौथं. आपण बहुतेक जण तिसऱ्यावरच थांबतो आणि वार्षिक अहवालात चौथं लिहितो.

वर्गाने बदलायचं म्हणजे फार मोठं काही असतं असंही नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ वाचणाऱ्या मुलाचा तास तिथेच संपतो. मास्क लागणार असतील तर त्या वर्गाच्या शिक्षकांना पारदर्शक मास्क द्या. वर्कशीट फोटोत न पाठवता टाइप करून पाठवा. तास रेकॉर्ड करायची सवय लागली होती ना, ती सोडू नका, डिस्लेक्सिया असलेला मुलगा घरी तोच भाग चार वेळा ऐकतो आणि कोणी हसत नाही. स्क्रीनवर दाखवायचं ते कॅप्शनसकट दाखवा. कॅप्शन ठेवली होती एका मुलासाठी, पण मागच्या बाकावरची निम्मी मुलं वाचत होती, कारण पंख्याच्या आवाजात त्यांनाही नीट ऐकू येत नव्हतं.

आवाजाचं तर एक वेगळं पत्र होईल. दीड वर्ष शांत खोलीत हेडफोन लावून बसलेल्या ऑटिस्टिक मुलाला एकदम साठ जणांचा गलका, घंटा, बाकं सरकवण्याचा कर्कश आवाज यात टाकायचं, आणि त्याने कान झाकून किंचाळायला सुरुवात केली की डायरीत शेरा लिहायचा. त्याऐवजी आदल्या दिवशी त्याला रिकामा वर्ग दाखवा. नव्या बाईंचा फोटो घरी पाठवा. पहिले काही दिवस दोनच तास येऊ द्या. एक कोपरा ठेवा जिथे तो न विचारता जाऊन बसू शकेल. यातलं काय महाग आहे सांगा मला.

आणि जी आलीच नाहीत त्यांचं काय? पटावर नाव आहे, बाकावर मूल नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधे इबोलाच्या साथीमुळे २०१४-१५ मधे शाळा नऊ महिन्यांच्या आसपास बंद होत्या. एप्रिल २०१५ मधे उघडल्या, पण त्या काळात ज्या मुली गरोदर राहिल्या होत्या त्यांना आत यायला सरकारनेच बंदी घातली. ही बंदी उठायला मार्च २०२० उजाडला, म्हणजे कोरोनामुळे जगभरातल्या शाळा बंद होत होत्या तोच महिना. आपल्याकडे असा लेखी नियम कोणी काढणार नाही, नियम न काढताही होतंच की. फी थकली म्हणून लिंक काढून घेतली. वय वाढलं म्हणून 'आता कशाला' म्हटलं. कामाला लागलेला मुलगा लाजून आला नाही. व्हीलचेअरवाल्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. म्हणून शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात पट घेऊन बसा आणि प्रत्येक गैरहजर नावापुढे कारण लिहा. घरी फोन करा, पण पहिला फोन 'सलग पंधरा दिवस गैरहजर' असा नोटिशीच्या सुरात नको. एक आई मला म्हणाली होती की शाळेचा नंबर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. तिचा मुलगा चार महिने खोलीच्या बाहेर येत नव्हता आणि तिला ऐकवलं जात होतं की तुम्ही लाडावलाय.

शिक्षकांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर ते म्हणतील बाई आमच्यावरच घसरल्या. एका सरांनी मला सरळ विचारलं, पन्नास मुलं आहेत, त्यात तुमची चार, त्यात एकाला चाळीस मिनिटं, मी कुठे कुठे पुरू? बरोबर आहे त्यांचं. एकटा माणूस नाही पुरणार. वर ऑनलाइनच्या काळात याच लोकांनी रात्री अकरा वाजता वह्यांचे फोटो तपासलेत, स्वतःच्या घरातली आजारपणं सांभाळत. त्यांना तुम्ही काय देणार ते सांगा. मला तरी दोन गोष्टी सुचतात. आठवड्यातून एक तास वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक एकत्र बसतील असा टाइमटेबलमधेच ठेवा, मधल्या सुट्टीत जिन्यावर उभं राहून नाही. आणि खात्याने पोर्शन कमी करायचा तर वर्षाच्या सुरुवातीला सांगा, परीक्षेला तीन आठवडे असताना परिपत्रक काढून काही उपयोग नाही, तोपर्यंत सगळं घाईघाईत शिकवून झालेलं असतं.

हे सगळं लेखी करा ही विनंती. तोंडी परवानगीचा मला अनुभव आहे. एक मुख्याध्यापक हो म्हणतात, वर्षभराने त्यांची बदली होते, नवीन येतात ते म्हणतात दाखवा कुठे लिहिलंय, आणि मुलाची आई परत पहिल्यापासून सगळे रिपोर्ट घेऊन केबिनच्या बाहेर बसते. ज्याला जास्त वेळ, लिहून उत्तर, मोठी अक्षरं, मधे उठून फिरायची मुभा, जे काय लागतं ते त्याच्या नावाने एका कागदावर असू दे, आणि तो कागद मुलासोबत पुढच्या वर्गात जाऊ दे. आणि तो बनवताना मुलालाच विचारा. मी इतकी वर्षं या कामात आहे तरी मला वाटलं होतं की त्या सातवीतल्या मुलीला स्पीच थेरपीचे तास वाढवून हवे असतील. विचारलं तर म्हणाली, नको, फक्त माझं वाक्य कोणी पूर्ण करू नका.

तो पांढरा बोर्ड शेवटी मीच घेऊन दिला. आता ती उत्तर लिहून वर धरते, कधी लिहिता लिहिता बोलूनही टाकते. दोन महिन्यांत वर्गातल्या आणखी अकरा जणांनी बोर्ड मागितले, त्यातल्या दहा जणांना बोलायला काहीच त्रास नाही, त्यांना नुसतं चुकलेलं उत्तर पटकन पुसता येतं हे आवडलंय. गणिताच्या सरांनी तर सगळ्या वर्गालाच बोर्ड वापरायला सांगितलंय, एका नजरेत कळतं म्हणे कोणाला आलं आणि कोणाला नाही. पण मार्कर फार लवकर संपतात आणि त्यांचं बिल ऑफिसने दोनदा परत पाठवलंय, कारण स्टेशनरीच्या यादीत फक्त खडू आहेत. तेवढं बघा.

आपली,
एक विशेष शिक्षिका